नऊ फूट सहा इंच

रात्री सव्वादोनला पहिला जायचा.
मी झोपेतही ओळखायची, रिकामा की भरलेला.
रिकाम्याचा फाळका खडखडतो,
भरलेला गप्प जातो, फक्त जमीन बोलते.
मांडणीतली ताटं एकमेकींना कोपर मारायची
आणि शिलाई मशीनचं चाक
कुणी हात न लावता जरासं फिरायचं.

जालन्यात लोखंड वितळतं
हे आमच्या गल्लीला पुस्तकातून कळलेलं नाही.
इकडून भंगार : गंजके पत्रे, मोडक्या खाटा, सायकलींचे सांगाडे.
तिकडून सळया, टोकाला लाल फडकं बांधून.
बायपास आहे की.
पण बायपासला वजनकाटा आहे,
आमच्या गल्लीत नुसती माणसं.

अर्ज मी लिहिला.
अक्षर बरं म्हणून, आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून.
'महोदय, सदर रस्ता वीस फुटी असून...'
पद्मीनबाईच्या भिंतीची भेग लिहिली
(आधी सुई जायची, आता सुतळी जाते),
शाळा सुटलेली लेकरं गटाराच्या फरशीवर
भिंतीला पाठ चिकटवून उभी राहतात, तेही लिहिलं.
माझी टीप तिरकी जाते, हे नाही लिहिलं.
ब्लाऊजची शिलाई कोण वाचणार.

कुंभारे साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
'जीवितहानी?'
'नाही.'
'दुखापत वगैरे?'
'केरबाची कोंबडी,' मागून कुणीतरी म्हणालं
आणि सगळे हसले.
मीही हसले. त्याची लाज अजून आहे.
'बघू. यादीत घालतो.'
जिना उतरताना कळेना,
आपण चांगली बातमी सांगून आलो की वाईट.

आधी फलक आला : जड वाहनांस प्रवेश बंद.
आठव्या दिवशी एका ट्रकनंच तो वाकवला.
मग कितीतरी महिने तसाच उभा,
आल्यागेल्याला रामराम घालत.

शेवटी कमान.
हबीबभाईनं दोन दिवस वेल्डिंग केलं,
दोन खांब, वर आडवा गर्डर, काळेपिवळे पट्टे,
उंची नऊ फूट सहा इंच.
लोखंड इथलंच. कोण जाणे,
आमच्याच दारावरून गेलं असेल भंगार होऊन.

त्या रात्री सव्वादोनला मला जाग आली,
काहीच झालं नाही म्हणून.
भिंतीपलीकडं पद्मीनबाई खोकल्या.
'जाग्याच का?'
'हाव,' त्या म्हणाल्या,
एवढ्या हळू, की भेगेतूनच आलं असावं.

पाण्याचा टँकर आता कमानीशीच थांबतो.
घागरी घेऊन तिथवर जावं लागतं.
त्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढ्यात तरी.

शेवटच्या घरातला अलीम पहाटे पायी येतो,
हातात डबा, खांद्यावर चादर.
गाडी तिकडं, पेट्रोलपंपाशी.
मी नजर चुकवली तर तोच थांबला.
'भाबी, अर्जावर माझीबी सही हाय. सतरावी.
सव्वादोनचा कधी कधी मीच असायचो.
अम्मी झोपलेली, म्हणून घरापुढं गाडी न्यूट्रल करायचो.'
मग जरा वेळानं,
'आता टाकीमागनं नेतो. तिथंबी ताटं वाजत असतील की.'

परवा टाकीमागची एक बाई आली.
ब्लाऊजपीस, अर्धा मीटर अस्तर,
बाह्या कोपरापर्यंत.
मापं देऊन झाली तरी उठेना.
'तुमच्या त्या अर्जाची नक्कल हाय का हो?'
खणातून काढून दिली.
तिनं बोट ठेवून पहिली ओळ वाचली, थांबली.
'आमचा रस्ता बाराच फुटी हाय.'

मापाची टेप अजून गळ्यातच होती.
खडू ठेवला, पेन घेतलं,
वीस खोडून बारा केलं.
बाकी मजकूर तोच राहिला.